अक्काचा पासवर्ड आणि नववी मूठ

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आजही 'आहे' म्हणायला जीभ रेटत नाही. मी जळगावला एका शाळेत संगणक शिकवते. 'सुरक्षित पासवर्ड कसा असावा' हा धडा आठवीला दरवर्षी मीच घेते, त्यामुळे इथे ग्रुपवर कोणी चिंचेखालची बाई किंवा घाटातला म्हातारा टाकला की मी वाचते, हसते आणि पुढे सरकते. माझ्या अनुभवात चिंच नाही, घाट नाही, अमावस्या तर नाहीच. एक पासवर्ड आहे फक्त. त्याने दोन महिने माझ्या डोक्याचं दही केलं.

अकाऊंट माझ्या सासूबाईंचं. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. सासरचं गाव दोंडाईच्यापासून अर्ध्या तासावर. अकाऊंटचं नाव 'अक्कानी चूल', म्हणजे अक्काची चूल. त्यात अक्का कळण्याची भाकरी थापतात, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड घालतात, वांगी भाजून भरीत करतात आणि मधेच कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "आते मीठ टाका, पन हात राखीसन." बस्स. बघणारे बरेच होते. कोणत्या ॲपवर, ते सांगत नाही... उगाच कोणाची जाहिरात नको आणि बदनामीही नको.

हे सगळं सुरू केलं माझ्या धाकट्या दिराने, प्रशांत भाऊजींनी. अक्काचा पशा. त्यांना शेतीत रस नव्हता, याच कामात होता. दिवसभर चुलीजवळ फोन धरून बसायचे. नानांना, म्हणजे सासऱ्यांना, ते अजिबात खपायचं नाही. "मायनी चूल जगले दखाडस आणि त्याले काम म्हनस," असं ते चारचौघांत बोलायचे. एक दिवस शब्दाला शब्द वाढला. नाना म्हणाले, फोन मी घेऊन दिलाय, तो ठेव आणि चालता हो. भाऊजींनी फोन पाटावर ठेवला आणि खरंच चालते झाले. त्याला सहा वर्षं होत आली. पहिल्या वर्षी सुरतेहून कोणाच्या तरी फोनवरून एकदा अक्काशी बोलले, 'बरा शे', बरा आहे, एवढंच. त्यानंतर काही नाही. पोलिसांत तक्रार झाली, माझे मिस्टर आणि चुलत दीर दोनदा सुरतेला जाऊन आले, हात हलवत परत आले. अक्कांनी मात्र स्वतःच्या फोनवर व्हिडिओ करणं सोडलं नाही.

आता खानदेशाबाहेरच्यांसाठी दोन ओळी. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. त्याआधी रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याचे, गहू काढतात. घरातला मोठा माणूस एकेका पुरुषाचं नाव घेतो आणि त्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतात. जितके पुरुष तितक्या मुठी. मुलींची मूठ नसते. माझी मुलगी दरवर्षी विचारते "माझी कुठेय?" आणि दरवर्षी मी गप्प बसते. तो माझा वेगळा राग आहे, त्यावर वेगळं लिहीन. सांगायचं हे की आमच्या घरच्या मुठी होत्या नऊ. भाऊजी गेले त्या श्रावणात नाना आठवर थांबले. अक्काचा हात गव्हात तसाच राहिला होता, तो मी पाहिलाय. त्यानंतर घरात दोन मुली झाल्या, मुलगा एकही नाही. म्हणून मुठी आठच.

आणि अकाऊंटचा पासवर्ड? भाऊजींनी जाण्याआधी ठेवलेला. इंग्रजीत कानबाई, मग ॲटचं चिन्ह, मग नऊ. मोजून आठ अक्षरं, ॲपला कमीत कमी लागतात तेवढीच. पासवर्ड असा उघड लिहिला म्हणून ओरडू नका. तो आमच्या समस्त भाऊबंदांना पाठ होता. नुसता हाच नाही, वायफायचा तोच, मिस्टरांच्या ईमेलचा तोच, एका चुलत सासऱ्यांच्या पेन्शनच्या ॲपचासुद्धा तोच. का, तर देवीचं नाव आहे, विसरत नाही आणि आकडा घरातलाच आहे. मी लग्न होऊन आल्यापासून कपाळ बडवतेय की अहो, पासवर्ड म्हणजे कुलदैवत नव्हे, सगळ्यांचं एकच असून चालत नाही. पण ऐकतो कोण.

मग जे व्हायचं तेच झालं. यंदा उन्हाळ्यात 'अक्कानी चूल' गॉगल विकायला लागली. भरिताच्या व्हिडिओखाली गॉगल, बिबड्यांखाली गॉगल. माझ्या मिस्टरांच्या मावशीचा जामनेरहून फोन, "वैशाली, अक्काने हा कुठला धंदा काढला गं?" एकाने तर ऑर्डर कशी द्यायची ते विचारलं. मी शाळेच्या सुट्टीत गाव गाठलं, जुन्याच पासवर्डने आत शिरले, सगळे फोन बाहेर काढायचं बटण दाबलं आणि नवा पासवर्ड ठेवला. बारा अक्षरं, लहान-मोठी, आकडे, चिन्हं, अगदी धड्यात शिकवते तसा. वर दुहेरी पडताळणी लावली, म्हणजे नवीन फोनवरून कोणी आत यायला गेलं तर आधी माझ्या मोबाईलवर कोड येणार. ईमेलही माझा जोडला. गॉगल बंद झाले आणि मी विजयी मुद्रेने जळगावला परत आले.

चौथ्या दिवशी अक्काचा फोन. "पोरी, ते उघडत नही."

मी माझ्या मोबाईलवर बघितलं तर मीही बाहेर. नवा पासवर्ड टाकला, 'चुकीचा' म्हणे. ईमेल उघडला तर त्यात पत्र आलेलं: तुमचा पासवर्ड बदलण्यात आला आहे. वेळ सकाळी अकरा, ठिकाण धुळे. माझ्या मोबाईलवर कोड आलेलाच नाही. मग बदलला कोणी आणि कसा? वैतागून, दुसरं काही सुचेना म्हणून, मी जुना टाकला. कानबाई, ॲट, नऊ. दार उघडलं.

धुळे म्हटल्यावर माझा संशय सरळ गोपालवर गेला. गोपाल माझा चुलत दीर, धुळ्यात देवपूरला राहतो आणि त्याला नाही त्या गोष्टीत बोटं घालायची सवय आहे. मी फोन लावून त्याला झाडला. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, मला माझा स्वतःचा पासवर्ड आठवत नाही, मी अक्काचा कशाला बदलू? आणि ठेवायचाच तर जुनाच कशाला ठेवू?" मुद्दा बरोबर होता, म्हणून मला जास्तच राग आला.

पुन्हा बदलला. या वेळी सोळा अक्षरं. पाच दिवस टिकला. पुन्हा पत्र, पुन्हा सकाळची वेळ, पुन्हा कोड नाही, पुन्हा नऊवर. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून कीबोर्डवर बोटं आपटली, जे उमटलं ते चिठ्ठीवर लिहिलं, पर्समध्ये ठेवलं आणि नवऱ्यालाही सांगितलं नाही. आठवडाभर टिकला. मग शाळेत मधल्या सुट्टीत, डबा उघडतेय तोच पत्र. मी डबा तसाच बंद केला.

भूत असेल तर असेल, पण भुताने पासवर्ड बदलून तो आधी होता तोच ठेवावा, याला काय अर्थ आहे? ना काही चोरलं, ना कोणाला घाण मेसेज, ना गॉगल. बरं, जुनाच पासवर्ड परत ठेवायला गेलं तर ॲप एरवी कुरकुर करतं. इथे चकार शब्द नाही.

तेव्हा मी ती यादी नीट पाहिली. अकाऊंट कोणकोणत्या फोनवर उघडं आहे, ती. एक अक्काचा, एक माझा आणि तिसरा एक जुना फोन. त्या मॉडेलचं नाव मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. पुढे लिहिलेलं, 'आत्ता सुरू'. मी त्याला बाहेर काढला. तो यादीतून गेला. संध्याकाळी परत होता. पुन्हा काढला, दुसऱ्या दिवशी हजर. आमच्या गल्लीत मोबाईल दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, असं होत नाही." मी म्हटलं, होत नाही ते मलाही माहितीय, होतंय त्याचं काय करू? ते म्हणाले, अकाऊंट बंद करा, नवीन काढा.

तेच सोपं होतं. श्रावणात कानबाईसाठी आम्ही सगळे गावी गेलो तेव्हा मी अक्काला तसं सांगितलं. अक्का चुलीपुढे होत्या. म्हटलं, कोणीतरी एक फोन अजून आत आहे, निघतच नाही.

"मझार शे?" अक्कांनी विचारलं. मझार म्हणजे आत.

"हो. म्हणून हे बंद करू आणि नवं काढू. दहा मिनिटांचं काम आहे."

अक्कांनी फुंकणी खाली ठेवली. "नही. पशाले ते एकच ठिकान माहीत शे. फोन नंबर तुम्ही बदली टाकं, वस्तीवरलं घर पाडीसन नवं बांधं. ते बी बंद करं ते तो मले कोठे धुंडी?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा वैताग थोडा खाली बसला. मला वाटत होतं म्हातारीला बघणाऱ्यांची हौस आहे. ती दर आठवड्याला भाकरी थापत होती ते एका माणसासाठी.

शनिवारची सकाळ. ओसरीवर सूप, गव्हाची कोठी, पाट. सगळे जमलेले, गोपालही धुळ्याहून आलेला. मी त्याची माफी मागितली नव्हती आणि तोही ते विसरला नव्हता. गहू काढायच्या आधी त्यानेच मुद्दाम विषय काढला, "वहिनी, तुमचं भूत काय म्हणतंय?" मग मला सगळ्यांपुढे सगळं सांगावं लागलं. यादीतल्या त्या जुन्या फोनचं नाव घेतलं तेव्हा नाना पहिल्यांदा बोलले.

"तो फोन मन्हा पेटीमा शे."

कोणी काही विचारायच्या आत ते उठले, आतून लोखंडी पेटी आणली, कमरेच्या किल्लीने उघडली. धोतरांच्या खाली एका रुमालात गुंडाळलेला फोन. भाऊजींचाच, मी ओळखला. बॅटरी फुगून मागचं झाकण उचकटलेलं होतं. गोपालने चार्जर लावून पाहिला, काही नाही. सिम तर कधीच बंद झालेलं. माझ्या हातातल्या मोबाईलवर यादी उघडी होती आणि त्यात त्याच मॉडेलपुढे लिहिलेलं होतं, 'आत्ता सुरू'.

पेटीत सहा वर्षं फोन जपून ठेवला होता, तोही रुमालात, हे अक्कालासुद्धा माहीत नव्हतं. अक्का नानांकडे बघत राहिल्या.

नानांनी मला विचारलं, "तुमना पासवर्ड काय शे?" मी सांगितला. नऊ ऐकल्यावर त्यांच्या कपाळावर आठी आली. "नऊ कसाले? घरमा मुठी आठ. आठ कर."

मला हसावं की रडावं ते कळेना. म्हटलं, ठीक आहे, हेही करून बघू. सगळ्यांसमोर, माझ्या हाताने, पासवर्ड केला: कानबाई, ॲट, आठ. ॲपने मान्य केला. मोबाईल मी पाटाशेजारी ठेवला. नाना एकेक नाव घ्यायला लागले आणि अक्का मूठ सोडायला लागल्या. नानांचं स्वतःचं नाव, त्यांच्या भावाचं, माझ्या मिस्टरांचं, गोपालचं, त्याच्या भावाचं, मग मुलांची. सुपात गहू पडल्याचा तेवढा आवाज. आठवं नाव माझ्या मुलाचं होतं. आठवी मूठ पडली आणि सव्वा मुठीतली वरची पाव अक्का टाकत होत्या तेवढ्यात मोबाईल थरथरला.

मी न बघताच ओळखलं. तुमचा पासवर्ड बदलण्यात आला आहे. ओसरीवर बसलेल्या कोणाच्याच हातात फोन नव्हता. अक्काचा फोन देवघरात होता, भाऊजींचा मेलेला फोन नानांच्या मांडीवर. गोपाल वाकून बघत होता, त्याचा चेहरा बघून मला कळलं की हा नाही, हा कधीच नव्हता. मी पाठमोरी झाले आणि नऊ टाकला. उघडलं.

"नऊवर गेला," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

मग नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "आखो एक टाक."

अक्कांचा हात कोठीत होता. सहा वर्षं या बाईने त्या माणसाला उलट शब्द ऐकवला नव्हता, निदान माझ्यासमोर तरी नाही. त्या म्हणाल्या, "नाव ल्या."

"टाक ना."

"नाव लिधाबिगर मूठ पडत नही. नाव ल्या."

नानांनी तो फोन उगाच रुमालात गुंडाळला, पुन्हा सोडला. तोंड दोनदा उघडलं. मग म्हणाले, "पशा." आणि थोड्या वेळाने, कोणी मागितलं नसताना, पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. म्हणजे स्वतःच्या.

अक्कांनी नववी मूठ टाकली. टाकताना चार दाणे बाहेर सांडले, ते माझ्या मुलीने वेचून सुपात घातले. मला तेव्हा रडू आलं, ते इथे कबूल करते.

रविवारी कानबाई बसली, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेली. घरी परतल्यावर मी शेवटचा म्हणून पासवर्ड बदलला. अठरा अक्षरं. कोणाला सांगितला नाही. मनात म्हटलं, आता बघू.

तो आजवर टिकलाय. दोन महिने होऊन गेले, पत्र नाही, काही नाही. यादी उघडली तर दोनच फोन, अक्काचा आणि माझा. तिसरा मी काढला नाही. आपोआप गेला.

समजावणाऱ्यांनी समजावलंय. जुनं लॉगिन कुठेतरी अडकलं असेल, ॲपच्या सर्व्हरचा घोळ असेल, कोणीतरी तसलाच जुना फोन वापरत असेल. असेल. मी स्वतः वर्गात पोरांना असंच सांगितलं असतं. पण कोडशिवाय आत येणं, मी ठेवलेला प्रत्येक पासवर्ड मोडून नऊवर आणणं आणि नऊ मुठी पडल्यावर थांबणं, हे माझ्या धड्यात कुठेच बसत नाही. भाऊजींचा अजून पत्ता नाही. नाना गोपालला घेऊन सुरतेला जाऊन आले, या वेळी स्वतः. अक्काच्या व्हिडिओंखाली ते आता रोज येणारी प्रत्येक कमेंट वाचून काढतात, चष्मा लावून, एकेक नाव.

आणि मी? ज्या फोनला बाहेर काढायला दोन महिने जिवाचं रान केलं, तो परत आला का ते बघायला रोज मधल्या सुट्टीत यादी उघडते. दोनच असतात.

मागच्या रविवारी अक्काला फोनवर सांगितलं, काळजी करू नका, तुमचं अकाऊंट आता पूर्ण सुरक्षित आहे, तिसरं कोणी नाही. मला वाटलं त्यांना बरं वाटेल. पलीकडे चुलीतलं लाकूड सरकवल्याचा आवाज आला.

मग त्यांनी विचारलं, "म्हंजे तू त्याले बाहेर काढं?"

मी म्हटलं, "नाही हो अक्का. मी नाही काढला."

"मंग तो कोठे गया?"